नवपदवीधर परिचारिकेची अस्वस्थता आणि प्रगत परिचर्या शिक्षणाचा निर्णय : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

परिचर्येची पदवी घेऊन रुग्णालयात नव्याने रुजू झालेली परिचारिका पहिल्या वर्ष-दीड वर्षातच अस्वस्थ होते आणि 'पुढे शिकावे' हा विचार तिच्या मनात घर करतो. हा विचार दोन अगदी भिन्न कारणांतून उद्भवू शकतो : कामाच्या परिस्थितीपासून सुटका हवी म्हणून, किंवा कामाचे ज्ञान अपुरे वाटते म्हणून. पहिल्या कारणावर शिक्षण हा उपाय ठरतोच असे नाही. दुसऱ्यावर तो ठरू शकतो. प्रस्तुत लेखात या अस्वस्थतेचे स्वरूप, भारतात उपलब्ध असलेले प्रगत परिचर्येचे शिक्षणमार्ग, शिक्षण व प्रत्यक्ष पद यांतील अंतर आणि परभणी जिल्ह्यातील परिस्थिती यांचा परामर्श घेऊन निर्णयाचे काही निकष मांडले आहेत.

बीजसंज्ञा : परिचर्या शिक्षण, नवपदवीधर परिचारिका, नर्स प्रॅक्टिशनर, अतिदक्षता, परभणी जिल्हा.

१. प्रस्तावना

मराठवाड्यातील शेतकरी व कष्टकरी कुटुंबांमध्ये गेल्या दोन-तीन दशकांत मुलींच्या शिक्षणाचा जो विस्तार झाला, त्यात परिचर्या शिक्षणाला विशेष स्थान आहे. 'डी.एड.'ची ओढ ओसरल्यानंतर हमखास नोकरी देणारा अभ्यासक्रम म्हणून जी.एन.एम. आणि बी.एस्सी. नर्सिंगकडे पाहिले जाऊ लागले. बारावी विज्ञान शाखेच्या वर्गात शिकवणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकाला असे विद्यार्थी ठाऊक असतात. वैद्यकीय प्रवेश हुकला की परिचर्येचा अर्ज भरला जातो, घरातले सोने गहाण पडते किंवा बँकेचे शैक्षणिक कर्ज निघते आणि चार वर्षांनी मुलगी 'सिस्टर' होते.

शिक्षणाचा हिशेब बहुधा येथेच थांबतो. नोकरी लागल्यानंतर त्या मुलीचे काय होते, याची नोंद महाविद्यालयाच्या अहवालात नसते. रुजू झाल्यावर वर्षभराच्या आतच ती माजी विद्यार्थिनी म्हणून पुन्हा महाविद्यालयात येते आणि विचारते, "सर, एम.एस्सी. करू का?" या प्रश्नाला सरसकट 'हो' असे उत्तर देणे सोपे आहे, परंतु ते नेहमीच योग्य असते असे नाही. हा प्रश्न नीट समजून घेणे, हे या लेखाचे प्रयोजन आहे.

२. एक प्रातिनिधिक परिस्थिती

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित परंतु प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. जिंतूर तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी कुटुंबातील एक मुलगी बी.एस्सी. नर्सिंग उत्तीर्ण होते, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करते आणि एका रुग्णालयाच्या औषधवैद्यक कक्षात रुजू होते. पहिले दोन महिने उत्साहात जातात. पांढऱ्या गणवेशाचा घरच्यांना अभिमान असतो. पुढे रात्रपाळ्या सुरू होतात. कक्षात खाटांपेक्षा रुग्ण अधिक असतात. सलाईन लावणे, इंजेक्शने देणे, नमुने पाठविणे, केस पेपर भरणे, औषधांचा इंडेंट करणे, नातेवाइकांची समजूत घालणे आणि सकाळी हँडओव्हर देणे यांत पाळी संपते. एखाद्या रुग्णाशी पाच मिनिटे बोलणेही जमत नाही. अभ्यासक्रमात शिकलेली 'परिचर्या प्रक्रिया' कागदावरच राहते.

अशा स्थितीत एके दिवशी कीटकनाशक प्यालेला एक तरुण दाखल होतो. मराठवाड्यातील कोणत्याही सरकारी रुग्णालयाला हे दृश्य नवे नाही. ॲट्रोपिन दिले जाते, तोंडातील स्राव आटतो, बाहुल्या मोठ्या होतात. दोन दिवसांनी तो बोलू लागतो आणि 'धोका टळला' असे सर्वांना वाटते. तिसऱ्या रात्री पाणी पाजताना या परिचारिकेच्या लक्षात येते, की त्याला उशीवरून डोके उचलता येत नाही. तिला त्याचा अर्थ कळत नाही, पण काहीतरी बिघडले आहे असे वाटून ती निवासी डॉक्टरांना बोलावते. काही वेळातच त्याचा श्वास उथळ होतो आणि त्याला कृत्रिम श्वसनयंत्रावर घ्यावे लागते. तो वाचतो.

ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेनंतर साधारणतः २४ ते ९६ तासांच्या काळात मानेचे, हातापायांच्या वरच्या भागाचे व श्वसनाचे स्नायू दुर्बल होण्याच्या या अवस्थेचे वर्णन श्रीलंकेतील वैद्यांनी १९८७ मध्ये 'मध्यवर्ती लक्षणसमूह' अशा अर्थाच्या नावाने केले. डोके उचलता न येणे ही तिची एक आरंभीची खूण होय. खाटेजवळ सर्वाधिक वेळ असणाऱ्या व्यक्तीलाच ती प्रथम दिसते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तिचे कौतुक करतात. तिला मात्र आनंदापेक्षा भीतीच अधिक वाटते. ती खूण पुस्तकातून माहीत नव्हती, ती केवळ योगायोगाने दिसली. त्या रात्री पाणी दुसऱ्याच कोणी पाजले असते तर? त्याच आठवड्यात तिला सलग डबल ड्यूटी लागते, एका नातेवाइकाकडून शिवीगाळ ऐकावी लागते आणि ती ठरवते, की आता येथे राहायचे नाही, पुढे शिकायचे. या एका निर्णयात दोन निरनिराळी दुःखे एकत्र मिसळली आहेत. ती वेगळी करणे आवश्यक आहे.

३. अस्वस्थतेचे स्वरूप

परिचर्याशास्त्रात या अवस्थेचा अभ्यास बराच जुना आहे. अमेरिकेतील मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्ये तिला 'वास्तवाचा धक्का' असे संबोधले. शाळेत शिकविलेली मूल्ये आणि रुग्णालयातील कामाची रीत यांतील विसंगतीमुळे नव्या परिचारिकेला हा धक्का बसतो. आरंभीची हुरूपाची अवस्था, नंतरचा धक्का, त्यातून सावरणे आणि शेवटी स्वतःचा तोल सापडणे, असा त्याचा क्रम सांगितला जातो. कॅनडातील जुडी डचशर यांनी २००९ मध्ये याच विचाराचा विस्तार करून 'संक्रमणाचा धक्का' ही संकल्पना मांडली. धक्क्याच्या अवस्थेतच अनेकजणी व्यवसाय सोडण्याचा किंवा बदलण्याचा निर्णय घेतात, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

दुसरे महत्त्वाचे विवेचन पॅट्रिशिया बेनर यांचे आहे. १९८४ मध्ये त्यांनी परिचारिकेच्या कौशल्याचे पाच टप्पे मांडले : नवशिकी, प्रगत नवशिकी, सक्षम, प्रवीण आणि निष्णात. त्यांच्या मते एकाच प्रकारच्या कामात दोन ते तीन वर्षे घालविल्यानंतर परिचारिका 'सक्षम' टप्प्यावर येते. अर्थात पहिल्या वर्षात 'मला काहीच येत नाही' असे वाटणे हा दोष नसून तो शिकण्याचा स्वाभाविक टप्पा आहे. वरील उदाहरणातील परिचारिकेने डोके न उचलण्याची खूण टिपली, पण तिला ती सांगता आली नाही. हे 'प्रगत नवशिकी'चे नेमके लक्षण होय.

तिसरी बाब म्हणजे थकवा. क्रिस्टिना मॅसलाक यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या मापनपद्धतीनुसार व्यावसायिक दमणुकीचे तीन घटक आहेत : भावनिक थकवा, रुग्णांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही साध्य होत नसल्याची भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिची नोंद केली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणाशी निगडित अवस्था म्हणून. हा भेद महत्त्वाचा आहे. दमणुकीचे मूळ व्यक्तीत नसून कामाच्या रचनेत असेल, तर व्यक्तीने पदवी वाढविल्याने ते दूर होत नाही.

कामाच्या रचनेविषयी काही प्रमाणके उपलब्ध आहेत. भारतीय परिचर्या परिषदेने शिक्षण-रुग्णालयांसाठी तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयांसाठी पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे प्रमाण शिफारस केलेले आहे. खाजगी रुग्णालयांतील वेतनासंबंधी सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील निर्देशानुसार केंद्र शासनाने तज्ज्ञ समिती नेमली. २०० पेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयांनी शासकीय परिचारिकांइतके वेतन द्यावे आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही ते दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे, अशी तिची शिफारस होती. तथापि, ही शिफारस आहे, हमी नव्हे. तिची अंमलबजावणी राज्यांवर सोपविण्यात आली. लहान शहरांतील खाजगी रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिकेच्या अस्वस्थतेचा बराच मोठा भाग या अंतरात दडलेला असतो.

४. उपलब्ध शिक्षणमार्ग

प्रगत परिचर्येची कल्पना आता साठ वर्षांची झाली आहे. १९६५ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी पहिला 'नर्स प्रॅक्टिशनर' कार्यक्रम सुरू केला. डॉक्टरांची वानवा असलेल्या भागांतील मुलांची तपासणी, निदान व उपचार प्रशिक्षित परिचारिकेने करावेत, हा त्यामागील हेतू होता. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने २००२ मध्ये या भूमिकेची व्याख्या केली आणि २०२० मध्ये तिच्याविषयी सविस्तर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. तज्ज्ञ पातळीचे ज्ञान, गुंतागुंतीचे निर्णय घेण्याची क्षमता आणि विस्तारित कार्यकक्षा ही तिची गमके होत.

भारतात नवपदवीधर परिचारिकेपुढे पुढील मार्ग आहेत.

(अ) एम.एस्सी. नर्सिंग : दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम दिल्लीच्या कॉलेज ऑफ नर्सिंगमध्ये १९५९ मध्ये सुरू झाला. औषधवैद्यक-शल्य परिचर्या, बालआरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य या त्याच्या प्रमुख शाखा आहेत. प्रवेशासाठी पदवीनंतर एक वर्षाचा कामाचा अनुभव अपेक्षित असतो. महाराष्ट्रात हे शिक्षण नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते.

(आ) अतिदक्षता नर्स प्रॅक्टिशनर : भारतीय परिचर्या परिषदेने गेल्या दशकात आखलेला हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आहे. त्याचा मोठा भाग वर्गात नव्हे, तर अतिदक्षता विभागात पूर्ण करावयाचा असतो. शारीरिक तपासणी, औषधशास्त्र व विकृतिशास्त्र यांचा सखोल अभ्यास आणि संस्थेने ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीनुसार उपचारविषयक निर्णय घेणे, हे त्याचे सूत्र आहे. प्रवेशासाठी बी.एस्सी. नर्सिंग आणि किमान एक वर्षाचा अनुभव आवश्यक असून तो अतिदक्षतेतील असल्यास अधिक चांगला मानला जातो.

(इ) पदवी-पदविकोत्तर विशेष पदविका : अतिदक्षता, आपत्कालीन सेवा, नवजात शिशू, कर्करोग, शस्त्रक्रियागृह, मानसोपचार अशा विषयांतील एक वर्षाच्या या पदविका जी.एन.एम. झालेल्या परिचारिकांनाही खुल्या असतात. त्यांची चर्चा कमी होते. परंतु खाटेजवळचे काम सुधारण्याच्या दृष्टीने त्या थेट उपयोगी आहेत.

(ई) प्रसूतिसेवा : केंद्र शासनाने २०१८ मध्ये प्रसूतिसेवेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' या संवर्गाची आणि १८ महिन्यांच्या प्रशिक्षणाची योजना आहे. सर्वसाधारण प्रसूती या प्रशिक्षित परिचारिकांच्या नेतृत्वाखाली व्हाव्यात, असा तिचा आशय आहे.

(उ) समुदाय आरोग्य अधिकारी : २०१८ मधील आयुष्मान भारत योजनेनुसार उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत झाले. २०२३ पासून त्यांना 'आयुष्मान आरोग्य मंदिर' म्हटले जाते. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी पदासाठी महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधरांबरोबर बी.एस्सी. नर्सिंग पदवीधरही पात्र ठरले. आरंभी त्यासाठी सहा महिन्यांचा स्वतंत्र प्रमाणपत्र अभ्यासक्रम होता. पुढे त्यातील विषय बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातच अंतर्भूत करण्यात आले. हे पद कंत्राटी असले, तरी रक्तदाब, मधुमेह यांसारख्या आजारांत परिचारिकेला स्वतंत्रपणे रुग्ण तपासण्याची संधी देणारे ते सर्वांत जवळचे पद होय.

५. शिक्षण आणि पद यांतील अंतर

वरील मार्गांची यादी आकर्षक वाटली, तरी एक प्रश्न उरतो. अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतर परिचारिकेला त्या नावाचे पद मिळते काय?

शासकीय सेवेतील पदांची उतरंड अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी आहे. अधिपरिचारिका या पदासाठी जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. ही अर्हता पुरेशी ठरते आणि पुढील पदोन्नती प्रामुख्याने ज्येष्ठतेवर अवलंबून असते. ही उतरंड परिचारिकेला व्यवस्थापनाकडे नेते, रुग्णतपासणीकडे नव्हे. एम.एस्सी.ची खरी मागणी परिचर्या महाविद्यालयांतील अध्यापक पदांसाठी आहे. परिणामी एक विरोधाभास निर्माण होतो. रुग्णाविषयी अधिक कळावे म्हणून जी शिकायला गेली, ती शिकून खाटेपासून दूर, फळ्याजवळ पोहोचते. अध्यापन हे कमी प्रतीचे काम आहे असे नव्हे. परंतु ते तिने निवडलेले असावे, वाट्याला आलेले नसावे.

कायद्याची मर्यादाही आहे. औषधविषयक नियमांनुसार 'एच' परिशिष्टातील औषधे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच मिळू शकतात. म्हणून परिचारिकेचा उपचारविषयक अधिकार हा संस्थेच्या लेखी कार्यपद्धतीतूनच येतो. राष्ट्रीय आरोग्य धोरण, २०१७ मध्ये नर्स प्रॅक्टिशनर संवर्गाचा पुरस्कार केलेला आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३२ मध्ये मध्यम पातळीवरील आरोग्य सेवादात्याला मर्यादित परवान्याची तरतूद आहे. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमाच्या जागी नवी रचना आणणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. दिशा स्पष्ट आहे. परंतु धोरणातील शब्द आणि जिल्हा पातळीवरील मंजूर पद यांमध्ये अद्याप बरेच अंतर आहे.

अधिकार वाढविणे अशक्य नाही, याचे उदाहरणही आपल्याकडेच आहे. कुशल प्रसूतिसेवेच्या कार्यक्रमात केंद्र शासनाने आरोग्यसेविका व परिचारिकांना प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावरील औषध, झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा आणि ठरावीक प्रतिजैविके देण्याची मुभा दिली. डॉक्टर येईपर्यंत वाट पाहिल्यास माता दगावते, ही त्यामागील साधी जाणीव होती. जेथे गरज स्पष्ट, प्रशिक्षण नेमके आणि कार्यपद्धती लेखी, तेथे अधिकार मिळाला.

६. परभणी जिल्ह्याचा संदर्भ

१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यानंतर परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, पूर्णा, पालम आणि जिंतूर हे नऊ तालुके राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ इतकी होती. गंभीर रुग्णाला नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला 'रेफर' करणे ही येथील अनेक वर्षांची रीत आहे. या प्रवासात रुग्णाजवळ बहुधा डॉक्टर नसतो.

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून परभणी येथे १०० विद्यार्थी प्रवेशक्षमतेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. परिचर्येच्या दृष्टीने या बदलाचे दोन परिणाम संभवतात. पहिला असा, की शिक्षण-रुग्णालयाला परिचर्या परिषदेचे अधिक काटेकोर प्रमाण लागू होते, म्हणून परिचारिकांच्या पदांची मागणी अधिकृत आधारावर करता येते. दुसरा असा, की विशेषज्ञ अध्यापक, निवासी डॉक्टर आणि वाढत्या अतिदक्षता सेवा यांमुळे एखाद्या परिचारिकेला जिल्हा न सोडता गंभीर रुग्णांच्या सेवेचा अनुभव मिळू शकतो. पूर्वी जो अनुभव मिळविण्यासाठी पुण्या-मुंबईला जावे लागे, त्याचा आरंभ तरी आता परभणीत होऊ शकतो.

मानसिक आरोग्य हे या जिल्ह्यापुरते विशेष महत्त्वाचे क्षेत्र आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने २०१५ पासून राबविलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पाच्या १४ जिल्ह्यांमध्ये परभणीचा समावेश होता. कीटकनाशक प्यालेला रुग्ण शरीराने बरा होऊन घरी जातो. त्याच्या मनाची विचारपूस करणारी प्रशिक्षित व्यक्ती कक्षात असतेच असे नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आरोग्य परिचारिकेची व्याख्या आहे आणि तीत सर्वसाधारण परिचर्येची पदविका किंवा पदवी असलेल्या नोंदणीकृत परिचारिकेचाही समावेश होतो. कायद्याचे दार उघडे आहे. प्रशिक्षणाची जोड मिळाल्यास मानसोपचार परिचर्येची पदविका घेतलेली एक परिचारिका या जिल्ह्यात किती उपयुक्त ठरेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

७. निर्णयाचे निकष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निकष मांडता येतात.

पहिला निकष कारणाचा. परिचारिकेने स्वतःला विचारावे : उद्या हीच नोकरी पुरेशा सहकारी, नियमित सुट्टी आणि योग्य वेतन यांसह मिळाली, तर पुढे शिकावेसे वाटेल काय? उत्तर 'नाही' असेल, तर तिला कक्ष, रुग्णालय किंवा नोकरी बदलण्याची गरज आहे, पदवी बदलण्याची नव्हे. उत्तर 'तरीही' असेल, तर ती ज्ञानाची भूक आहे आणि तिचा मान राखला पाहिजे.

दुसरा निकष काळाचा. धक्क्याच्या अवस्थेत, विशेषतः पहिल्या वर्षात, दीर्घ परिणामांचा निर्णय टाळणे श्रेयस्कर. अनुभवाची अट ही केवळ औपचारिकता नाही. ज्या परिचारिकेने शंभर रुग्णांचा श्वास मोजला आहे, तिलाच श्वसनशास्त्राचे व्याख्यान खऱ्या अर्थाने कळते. अनुभवाविना घेतलेले प्रगत शिक्षण पुन्हा पाठांतराकडे वळते.

तिसरा निकष भूमिकेचा. 'कोणती पदवी?' या प्रश्नाआधी 'पाच वर्षांनी सकाळी आठ वाजता मी कोठे उभी असेन?' हा प्रश्न यावा. वर्गात उभे राहायचे असेल तर एम.एस्सी., अतिदक्षतेत असेल तर नर्स प्रॅक्टिशनर किंवा विशेष पदविका, गावात असेल तर समुदाय आरोग्य अधिकारी, प्रसूतिकक्षात असेल तर प्रसूतिसेवेचे प्रशिक्षण, अशी वाट आपोआप स्पष्ट होते.

चौथा निकष हिशेबाचा. सातव्या वेतन आयोगानुसार राज्य शासनाच्या सेवेतील अधिपरिचारिकेचे आरंभीचे मूळ वेतन दरमहा ३५,४०० रुपये आहे. दोन वर्षांचे केवळ मूळ वेतनच ८,४९,६०० रुपये होते. विनावेतन शिक्षण घेतल्यास शुल्क व वसतिगृहाच्या खर्चाबरोबर ही रक्कमही खर्चाच्या बाजूला मांडावी लागते. शासकीय सेवेत असलेल्यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मधील अध्ययन रजेच्या तरतुदी पाहाव्यात. पहिले शैक्षणिक कर्ज फिटण्याआधी दुसरे काढणे अनेक कुटुंबांना पेलणारे नसते. याच टप्प्यावर विवाहाचा विषयही निघतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. शिक्षण आधी की लग्न आधी, हा वाद घरात व्हायचाच असेल, तर मुलीजवळ आकडे आणि योजना असलेली बरी.

पाचवा निकष संस्थेचा. प्रवेशापूर्वी महाविद्यालयाची मान्यता, संलग्न रुग्णालयातील खाटा, अतिदक्षता विभागाचे प्रत्यक्ष काम आणि तेथे शिकविणाऱ्यांचा रुग्णसेवेचा अनुभव यांची खात्री करावी. माजी विद्यार्थी आज कोणत्या पदावर आहेत, हे विचारणे हा सर्वांत साधा आणि प्रभावी उपाय आहे. ज्या अभ्यासक्रमाचे स्वरूपच प्रात्यक्षिक आहे, तो रुग्णांची वर्दळ नसलेल्या रुग्णालयात पूर्ण होऊ शकत नाही.

८. अध्यापकांची भूमिका

परिचर्या महाविद्यालयांतील आणि इतर महाविद्यालयांतील अध्यापकांनी या प्रश्नाकडे पाहताना काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना वास्तवाच्या धक्क्याची पूर्वकल्पना देणे शक्य आहे. जे दुःख अपेक्षित असते ते अपयश वाटत नाही. पहिल्या वर्षभर माजी विद्यार्थ्यांशी ठरावीक काळाने संपर्क ठेवणे, अनुभवी परिचारिका आणि नवपदवीधर यांच्या जोड्या लावणे, यांना फारसा खर्च येत नाही. रुग्णालयांनी नवपदवीधरांना आरंभीचे काही महिने एकाच कक्षात ठेवावे, डबल ड्यूटी शक्यतो टाळावी आणि आठवड्यातून एकदा एखाद्या रुग्णावर डॉक्टर व परिचारिकांची एकत्रित चर्चा घ्यावी, एवढ्याने बराच फरक पडू शकतो. 'पुढे शिक' असे सांगणाऱ्या अध्यापकाने 'कशासाठी?' हेही विचारावे. हे सर्व परिचर्येत येणाऱ्या मुलांनाही लागू आहे. 'ब्रदर'ची अस्वस्थता अनेकदा बोललीही जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ मधील अहवालानुसार जगात सुमारे २.९८ कोटी परिचारिका असूनही ५८ लाखांची तूट आहे. ही तूट परदेशी नोकरीची दारे उघडते आणि मराठवाड्यातील मुलींनी त्या दारांतून जाऊ नये, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र, ज्या जिल्ह्यात त्या राहतात तेथे त्यांच्या ज्ञानाला पद आणि मान मिळावा, ही अपेक्षा बाळगणे आणि तशी मागणी करणे, हे शिक्षणसंस्थांचे काम आहे.

९. समारोप

आरंभीच्या उदाहरणातील परिचारिकेकडे पुन्हा वळू. तिची दोन दुःखे वेगळी केली, तर तिचा मार्ग दिसू लागतो. डबल ड्यूटी आणि शिवीगाळ यांवरचा उपाय तिला विद्यापीठात सापडणार नाही. तो सेवाशर्ती, पुरेशी पदे आणि संघटित मागणी यांत आहे. परंतु 'डोके का उचलता आले नाही?' या प्रश्नाचे उत्तर तिला हवे आहे आणि ते तिला शिक्षणातूनच मिळेल. तिने अतिदक्षता विभागात बदली मागावी, दोन वर्षे तेथे काढावीत, पाहिलेल्या खुणा आणि पडलेले प्रश्न एका वहीत लिहीत जावेत, कर्जाचा हप्ता फेडत राहावा आणि त्यानंतरही वही भरतच असेल, तर अर्ज करावा. ती वही हाच तिच्या पात्रतेचा खरा दाखला ठरेल.

परिचारिकेने अधिक शिकावे की नाही, हा केवळ तिच्या भवितव्याचा प्रश्न नाही. मध्यरात्री कक्षात रुग्णाजवळ जी व्यक्ती असते, तिला किती कळते यावर रुग्णाचा श्वास अवलंबून असतो. जी परिचारिका शिकू इच्छिते तिला योग्य वेळी योग्य वाट दाखविणे आणि शिकून आलेल्या परिचारिकेला खाटेजवळच सन्मानाचे पद उपलब्ध करून देणे, ही दोन्ही कामे झाली तरच परभणीसारख्या जिल्ह्यात प्रगत परिचर्या ही संकल्पना कागदावरून कक्षात येईल.